पूजेला लावलेली कुलपं

मागच्या वर्षीच्या खंडेनवमीला मी कारखान्यातली सगळी लाल कुलपं पूजेला लावली. एकही बाहेर ठेवलं नाही, माझं स्वतःचंही नाही.

यात काय एवढं, असं कोणालाही वाटेल. कसबा पेठेतल्या माझ्या शेजाऱ्यांनाही वाटलं. त्यांना मुळात माझी नोकरीच नीटशी कळलेली नाही. सेफ्टी ऑफिसर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर फाटकावर बसणारा माणूस येतो. समोरचे निवृत्त गृहस्थ तर अधूनमधून चौकशी करतात, "अहो, काठी कंपनीच देते, की आपली आपण आणायची?" म्हणून आधी कुलपांचं सांगतो.

मी काम करतो तो कारखाना वारज्याच्या पुढे, शिवण्याच्या अंगाला आहे. मसाले आणि चटण्या. मालक तिथल्याच शेतकरी घरातले. आज जिथे मिरची कांडली जाते तिथे त्यांच्या लहानपणी ज्वारी उभी असायची. कारखान्यात पाऊल टाकलं की नवा माणूस शिंकतो आणि जुनी माणसं हसतात. आत शिरताना आधी कांडप यंत्र, मग चाळणी, मग पॅकिंग, आणि पार शेवटी, कोपऱ्यात, सगळा मसाला एकजीव करणारं ब्लेंडर. हे ब्लेंडर म्हणजे स्टीलचं एक आडवं, बुडाला गोल असलेलं भांडं. माणूस पाय पसरून झोपेल एवढं लांब. मधून एक दांडा जातो आणि त्या दांड्याभोवती स्टीलच्या पट्टीचं पातं वळसे घेत गेलेलं असतं. त्या आकारामुळे सगळे त्याला ‘पाळणा’ म्हणतात. मीही म्हणतो. हल्ली जरा अदबीने.

मी इथे लागलो तेव्हा सुरक्षितता म्हणजे भिंतीवरची पोस्टरं. मी आल्यावर मोठा बदल घडवला, म्हणजे आणखी पोस्टरं लावली. कोणाचं बोट कापलं की त्याला पोस्टरखाली बसवून पट्टी बांधायची, असं चाललं होतं. मग एका प्रशिक्षणाला जाऊन आलो आणि थोडी अक्कल आली. सगळ्या धोक्यांशी एकाच जोमाने भांडत बसायचं नाही, एवढीच ती गोष्ट. प्रत्येक कामाला दोन प्रश्न विचारायचे. हे बिघडण्याची शक्यता किती? आणि बिघडलं तर माणसाचं काय होईल? दोन्हींना एक ते पाच गुण द्यायचे आणि गुणाकार करायचा. लहान आकडा हिरव्या चौकोनात, मधला पिवळ्या, मोठा लाल. मग वेळ, खर्च आणि मालकांशी भांडण, तिन्ही आधी लाल चौकोनासाठी वापरायची. ओल्या फरशीवर पाय घसरणं, पिवळं. पाळणा पुसायला माणूस आत उतरणं, लालभडक. कारण तो आत असताना बाहेर कोणी बटण दाबलं, तर पट्टी बांधायला काही शिल्लक राहत नाही.

त्यावर उपाय म्हणून कुलपं आली. प्रत्येकाला स्वतःचं एक लाल कुलूप, त्याला अडकवलेला स्वतःचा फोटो. यंत्रात हात घालायचा असेल, आत उतरायचं असेल, तर आधी त्या यंत्राचा मेन स्विच खाली पाडायचा, त्याच्या दांडीत आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. तुम्ही बाहेर येऊन त्या किल्लीने कुलूप काढेपर्यंत यंत्र कोणाच्या बापाला सुरू होत नाही. शिवाय पाळण्याच्या झाकणाला एक छोटा स्विच: झाकण उघडं, तर यंत्र बंद. असं दुहेरी काम. पाळणा लाल चौकोनातून हिरव्यात आला, आणि पुढे कित्येक महिने कोणाच्या बोटाला चिकटपट्टीसुद्धा लागली नाही. मी एवढा फुशारलो की कारखान्यात पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी तो रंगीत तक्ता दाखवायचो. लोक चहा लवकर मागायला लागले.

आता खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी उत्पादन नसतं. सकाळी यंत्रं पुसून लख्ख करायची, तोरणं बांधायची, आणि ज्याचं जे हत्यार असेल ते त्याने चौरंगावर पूजेला ठेवायचं. फिटर पाने ठेवतो, इलेक्ट्रिशियन टेस्टर ठेवतो, हिशेबवाले गृहस्थ कॅल्क्युलेटर ठेवतात आणि त्याला हळदकुंकू लावताना त्याची बटणं दाबली जाऊ नयेत म्हणून ओरडतात. एकदा पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, हा कडक नियम. पूजा झाली की मालकांच्या आई प्रत्येक यंत्राचं हिरवं बटण दाबून मुहूर्ताचा एक फेरा करतात, मग पेढे आणि चिवड्याचं पाकीट, आणि घरी.

मागच्या वर्षी माझ्या डोक्यात आलं की आपलं हत्यार कुठलं? आपण दरवर्षी रिकाम्या हाताने का उभं राहायचं? सेफ्टीवाल्याचं हत्यार म्हणजे कुलूप. आणि पुसापुशी उरकली की आज कोणी यंत्रात उतरणार नाही, तेव्हा आज कुलपांची गरज काय? माझ्या तक्त्यात तर खंडेनवमीपुढे मी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं: यंत्रं बंद, धोका नाही.

म्हणून मी चौरंगावर लाल कापड अंथरलं आणि त्यावर कुलपांचं स्वस्तिक मांडायला बसलो. प्रत्येक उघड्या कुलपाच्या कडीत किल्ली, शेजारी फोटो, फोटोवर झेंडूचं एक फूल. फार देखणं दिसत होतं. मी मान तिरकी करून बघत होतो तेवढ्यात पाळण्यावर काम करणाऱ्या ताई आल्या. नऊ दिवसांचा उपास, अनवाणी, हातात पाळणा पुसून झालेलं फडकं.

"साहेब, जिवंत माणसांच्या फोटोला फुलं वाहिलीत का?"

"कुलपांना वाहिलीत, ताई. फोटो नुसता शेजारी आहे."

"बघणाऱ्याला काय दिसतं ते जरा लांबून बघा."

आणि त्यांनी वाकून आपला फोटो तेवढा उपडा करून ठेवला. मी हसलो. माझा फोटो स्वस्तिकाच्या मधोमध होता, कपाळावर कुंकू, त्यावर अक्षता. मला तो माझा मान वाटला.

याच वेळी इलेक्ट्रिशियन माझ्या पाठीमागे येऊन काहीतरी म्हणाला. तो काय म्हणाला हे मला पुढे शब्दन् शब्द आठवलं, पण ते अर्ध्या तासाने आणि चुकीच्या जागी. तेव्हा मी फक्त म्हणालो, "हं, हं, चालेल. हे खालचं कुलूप जरा डावीकडे सरकवा."

पूजा सुरू झाली. मी नवा झब्बा घालून गेलो होतो, बायकोने मुद्दाम घेतलेला, गुडघ्याच्या खाली जाणारा आणि बाह्या घोळदार. यंत्रापाशी सैल कपडे घालू नयेत अशी तीन भाषांतली पाटी मीच लावलेली आहे. त्या पाटीखालूनच मी आत गेलो.

सगळे चौरंगापाशी दाटीवाटीने उभे. घरची माणसं, लेकरं, झांजा, टाळ्या. मी मागे, पाळण्याच्या कठड्यापाशी. ताईंनी पाळणा असा पुसला होता की त्यात भांग पाडता आला असता. झाकण उघडंच होतं. कठड्यावरचं तोरण एका बाजूला कललेलं दिसलं आणि मला राहवलं नाही. चार पायऱ्या चढून मी ते सरळ करायला गेलो, आणि तोरणाला अडकवलेली सेफ्टी पिन सुटली आणि टिंग आवाज करत पाळण्याच्या तळाशी गेली.

आता ती पिन तिथेच राहिली तर काय? परवा मसाला पडणार, पिन त्यात फिरणार, पाकिटात जाणार, कोणाच्या तरी आमटीत उतरणार. हे तरी मला सुचलं, याचं श्रेय मला द्या. पुढचं काही सुचलं नाही. कुलूप? कुलूप पूजेत होतं. पूजेतलं उचलायचं नाही. देवाचा नियम मी काटेकोर पाळला आणि माझा स्वतःचा मोडला. म्हटलं, झाकण उघडं आहे, त्यामुळे यंत्र सुरू होणारच नाही. दोन मिनिटांचं काम. चपला पायऱ्यांपाशी काढल्या, झब्बा सावरला आणि पात्याच्या दोन वळशांमधून मी पाळण्यात उतरलो.

पिन लगेच सापडली. वाकून उचलली, खिशात टाकली, आणि उठायला गेलो तर उठता येईना. झब्ब्याचा घेर पात्याच्या आणि दांड्याच्या मधल्या आडव्या पट्टीत शिरून घट्ट बसला होता. ओढला तर आणखी आवळला. वळून बघायला गेलो तर बाही दुसऱ्या वळशात. मी आता गुडघ्यांवर होतो, डोकं काठाच्या खाली, स्टीलच्या एका मोठ्या स्प्रिंगमध्ये ओवलेला.

तरीही घाबरलो नव्हतो. हसूच येत होतं. बाहेर आरती संपली, टाळ्या पडल्या, आणि कांडप यंत्र धाड धाड सुरू झालं. पुन्हा टाळ्या. बंद. मुहूर्ताचे फेरे सुरू झाले होते. मी मनात म्हटलं, बरं झालं, इकडे येईपर्यंत सुटू. नाहीच सुटलो तर झाकण उघडं आहे, काळजी नाही.

आणि झाकण म्हटल्यावर इलेक्ट्रिशियनचं वाक्य आठवलं.

"साहेब, पाळण्याच्या झाकणाचा स्विच जरा तारेने बांधून ठेवतो हं. आईंना पातं फिरताना बघायचंय. बटण दाबून झालं की वर येऊन बघतील. एकच फेरा."

आणि मी म्हणालो होतो, हं, हं, चालेल.

भीती पोटातून वर चढते असं आपण ऐकतो. माझी भीती पायांतून आली. तळव्यांना स्टील एकदम गार लागायला लागलं. पाळण्याचं बटण खांबापलीकडच्या भिंतीवर आहे. तिथून पाळण्याच्या आतलं काही दिसत नाही. हे मला माहीत होतं, कारण ते तक्त्यात मीच लिहिलं होतं.

मी ओरडलो. म्हणजे ओरडायला तोंड उघडलं. ताईंनी पाळणा कितीही पुसला असला तरी पात्याच्या सांध्यांतली मिरची काही पूर्ण जात नाही. माझ्या ओढाताणीने ती उडाली होती आणि आता ती घशात गेली. आवाजाऐवजी शिंक आली. मग दुसरी. स्टीलच्या भांड्यात ती शिंक अशी घुमली की मीच दचकलो. बाहेर चाळणी खळखळायला लागली. टाळ्या. बंद. आता मधे फक्त पॅकिंग होतं.

माणूस अशा वेळी काय विचार करतो, ते सांगायची मला लाज वाटत नाही, कारण विचार फारच सामान्य होते. बायकोला झब्ब्याचं काय सांगायचं. चौरंगावर माझ्या फोटोला फूल आधीच आहे, म्हणजे तेवढी तयारी झाली. आणि मग सगळे विचार संपले आणि नुसतं बाहेरचं ऐकू येत राहिलं. पॅकिंगच्या यंत्राची टिकटिक. पाकीट बंद होताना होतो तो फुस्स आवाज. लेकरांचं हसणं. एरवी कार्यक्रम लांबला की घड्याळ बघणारा मी, मनात हात जोडून म्हणत होतो, आणखी एक पाकीट काढा. आणखी एक. त्या लेकरांना दाखवा कसं चिकटतं ते. घाई काय आहे.

फुस्स थांबलं. टाळ्या.

मी दोन्ही हातांनी मधला दांडा धरला. त्या दांड्यामागे केवढी मोटर आहे हे मला ठाऊक होतं. तरी मी तिला हातांनी थांबवणार होतो.

तेवढ्यात वर उजेडात एक डोकं आलं. पाळण्याच्या मुहूर्ताला आपण आपल्या यंत्रापाशी असावं म्हणून ताई गर्दीतून पुढे आल्या होत्या, आणि पायऱ्यांपाशी माझ्या चपला बघून, आपण पुसलेल्या यंत्रावर कोण चढलंय म्हणून रागाने वर आल्या होत्या. त्यांनी मला बघितलं. मी त्यांना बघितलं. मी शिंकलो.

"साहेब, कुलूप?"

मला बोलता येईना. मी मानेनेच चौरंगाकडे खुणावलं.

त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे आलं ते मी पुन्हा कोणाच्या चेहऱ्यावर पाहू इच्छीत नाही. त्यांचं डोकं दिसेनासं झालं आणि पायऱ्यांवर अनवाणी पावलं धडधडत गेली. आणि मी पुन्हा एकटा.

पुढचं मला आतून नुसतं ऐकू आलं. ताईंचा आवाज, "थांबा! थांबा!" आणि त्यावर झांजा. मग काहीतरी लोखंडी खाली पडल्यासारखा मोठा खटका. मग एकदम मालकांच्या आईंचा आवाज, शांतपणे तक्रार करणारा:

"लागंना की रं ह्ये."

"पुन्हा दाबा, आई. जोरात."

"दाबलं की. ह्ये बघ. न्हाई लागत."

मी डोळे मिटून दांडा धरून बसलो होतो. तो खटका मेन स्विचचा होता हे मला कळत होतं, आणि कळून काही उपयोग होत नव्हता. शरीर ऐकत नव्हतं. हिरवं बटण दाबलं गेलं होतं. दोनदा. आणि ते मी ऐकलं होतं.

मग बाहेर गलका झाला. "अहो ताई, काय करताय! पूजेतलं आहे ते!" "उचलू नका, उपास ना तुमचा?" आणि कुलूप बसल्याचा तो छोटा टक. एरवी रोज ऐकतो तो आवाज. त्या दिवशी तो ऐकल्यावर मी लहान पोरासारखा रडलो. मिरचीमुळे, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

"आत साहेब आहेत," ताई म्हणाल्या.

झांजा थांबल्या. एक लेकरू तेवढं टाळ्या वाजवत राहिलं.

मग सगळे पायऱ्यांवर. इलेक्ट्रिशियन सगळ्यांत वर, पांढराफटक. कोणी हात धरून ओढायला लागलं, कोणी कात्री आणा म्हणालं. ताई म्हणाल्या, "झब्बा काढा ना." एवढा वेळ हे मला सुचलं नव्हतं. मी आत वाकडातिकडा होऊन झब्ब्यातून निसटलो आणि भोकं पडलेल्या बनियनवर, डोळे आणि नाक लाल, मालकांच्या सबंध कुटुंबासमोर, तोरणाखालून बाहेर आलो. झब्बा तसाच पात्यात राहिला. तो तिथे माणसासारखा दिसत होता. ते बघून मात्र कोणी हसलं नाही.

मेन स्विचच्या दांडीत माझंच कुलूप होतं. हाताला लागलं ते ताईंनी उचललं होतं. खाली माझा फोटो, कपाळावर कुंकू, आणि कुंकू फरफटून पार हनुवटीपर्यंत आलेलं.

मला वाटलं होतं आता मालक ओरडतील. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या अंगावर टाकलं. त्यांच्या आई मात्र खांबाशेजारच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत होत्या. त्या बोटालाही हळद होती. मी पुढे होऊन म्हणालो, "आई, काही झालं नाही. चूक माझी होती."

"दोनदा दाबलं म्या," त्या म्हणाल्या. "येकदा लागलं न्हाई म्हनून पुन्यांदा दाबलं."

"आई, तुम्हाला कसं कळणार?"

"दोनदा," त्या पुन्हा म्हणाल्या.

त्यांनी त्यानंतर पेढा घेतला नाही, आणि गाडीत बसायला उठल्या तेव्हा दोघांना धरावं लागलं. मी तोपर्यंत आपल्याच भीतीत होतो. त्या क्षणी मला कळलं की पाळण्यात मी मेलो असतो, तर संपलो असतो. त्या मात्र आयुष्यभर ते बोट घेऊन जगल्या असत्या. माझ्या तक्त्यात त्यांच्यासाठी कुठलाच चौकोन नव्हता.

घरी जाऊन मी बायकोला सांगितलं की झब्बा खिळ्याला अडकून फाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चटणीसाठी मिक्सर लावला आणि मी पलंगावरून थेट गॅलरीत पोहोचलो. तिने मिक्सर बंद केला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "खिळा केवढा होता?" मग सगळं सांगावं लागलं. बरेच दिवस ती मिक्सर लावायच्या आधी मला सांगायची, "लावतेय हं." तो आवाज ऐकताना माझे तळवे अजूनही गार पडतात. कारखान्यात तर पहिले काही दिवस मी पाळण्याच्या बाजूने जायचंच टाळलं. पॅकिंगपर्यंत जाऊन काहीतरी आठवल्यासारखं करून परत फिरायचो.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं त्या सकाळी मी सगळ्यांना गोळा केलं आणि तक्ता भिंतीवरून उतरवून मधे ठेवला. म्हटलं, ह्यात एक ओळ खोटी आहे. यंत्रं बंद, धोका नाही. मी प्रत्येक यंत्राच्या रोजच्या दिवसाला गुण दिले होते. सणाच्या दिवसाला दिलेच नव्हते. आणि सणाच्या दिवशीच यंत्राला सगळ्यांत जास्त हात लागतात, झाकणं उघडी असतात, अंगावर सैल कपडे असतात, लेकरं असतात, आणि एरवी बटणाजवळ न जाणारी माणसं बटण दाबतात.

"आणि स्विच तारेने बांधलेला असतो," हिशेबवाले म्हणाले.

सगळ्यांनी इलेक्ट्रिशियनकडे बघितलं. तो लालबुंद झाला. "मी साहेबांना विचारलं होतं."

"विचारलं होतं," मी म्हणालो.

"तुम्ही चालेल म्हणालात."

"म्हणालो."

"आणि वर मला कुलूप सरकवायला लावलंत."

त्या दिवशी तक्त्यात नवे रकाने आले: जे रोज होत नाही ते सगळं. पूजा, पाहुणे, रंगकाम, बंदनंतरचा पहिला दिवस. प्रत्येकाला नव्याने गुण. खंडेनवमी ‘धोका नाही’मधून उठून थेट लाल चौकोनात गेली, पाळण्याच्याही वर. झाकणाचा स्विच आता असा बसवलाय की तारेने बांधताच येत नाही. त्याच्यासाठी मालकांशी भांडावं लागलं नाही. ते नुसतं म्हणाले, "आजच लावा." आणि ठरलं की खंडेनवमीला सगळे मेन स्विच खाली, कुलपं चौरंगावर नाहीत तर आपापल्या यंत्रावर लावलेली, आणि पूजा तिथेच, लावलेल्या कुलपाची. मुहूर्ताचा फेरा बंद. तो दसऱ्यानंतर कामाच्या पहिल्या सकाळी, ज्याचं यंत्र त्याने करायचा, आत वाकून बघितल्यावर.

ताईंना मी विचारलं, पूजेतलं उचलताना काही वाटलं नाही का? उपास होता, नववा दिवस होता. त्या फडकं पिळत होत्या. म्हणाल्या, "वाटलं ना. पण देवीला नंतर समजावता येतं. पाळण्याला नाही येत."

मालकांच्या आई मात्र त्यानंतर कारखान्यात आल्या नाहीत. आधी आठवड्यातून एकदा तरी यायच्या, मिरची हातावर घेऊन बघायच्या, नाकं मुरडायच्या. मालक एकदा सहज बोलता बोलता म्हणाले की घरी त्या दिव्याचं बटणसुद्धा स्वतः दाबत नाहीत, सुनेला हाक मारतात. मी ते ऐकून घेतलं आणि जेवणाचा डबा तसाच परत नेला. यंदाची खंडेनवमी जवळ येत गेली तशी माझी झोप कमी होत गेली. यंत्रांची भीती होतीच, त्याहून जास्त ही, की त्या येणार नाहीत, आणि का आल्या नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असेल.

यंदा त्या आल्या. उशिरा आल्या, पण आल्या. मी अंगाला घट्ट बसणारा शर्ट घालून, हात मागे बांधून गर्दीत उभा होतो. त्या एकेका यंत्रापाशी थांबत गेल्या. प्रत्येक मेन स्विच खाली होता, प्रत्येकाला लाल कुलूप. त्यांनी कुलपाला हळद लावली, कुंकू लावलं आणि दरवेळी ते ओढून बघितलं. एकदा नाही, दोनदा. पाळण्यापाशी आल्यावर त्या एक पाऊल अलीकडेच थांबल्या. ताईंनी त्यांचा दंड धरला. माझे तळवे गार पडले होते आणि घशात मिरची नसताना मिरची होती. त्यांनी पाळण्याच्या कुलपालाही हळदकुंकू लावलं, ओढून बघितलं, पुन्हा ओढून बघितलं, आणि मोठा श्वास सोडला.

मालकांनी नारळ फोडायला हात उचलला.

"थांब," आई म्हणाल्या. सगळे थांबले. त्यांनी वळून गर्दीवरून नजर फिरवली, एकेक चेहरा बघत. "त्यो सेफ्टीवाला कुठं हाय? आदी त्याला दावा मला. त्यो भाईर दिसल्याबिगर नारळ फोडायचा न्हाई."

माणसं बाजूला झाली. मी हात वर केला. "आई, मी इथे आहे."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत नीट बघून घेतलं.

"तितंच उभा ऱ्हा," त्या म्हणाल्या, "आन् कशालाबी हात लावू नगंस."